चौथं पाऊल

१

लंगडं कुत्रं डोळ्यांनी तपासू नये, कानांनी तपासावं. डोळ्यांना दया येते. नसलेली सुधारणाही ते दाखवतात. कानांना असली माया नसते.

आमच्या घराची ओसरी विटांची आहे, बावीस पावलं लांब. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला माझी खोली. स्वयंपाकघराच्या बाजूला अंगण संपतं तिथे पवनचक्की आणि तिच्याखाली गुरांचा हौद. गुरं बाबांच्या काळातच संपली, हौद राहिला. घरात मी आणि माझी थोरली बहीण एर्मेलिंदा. ती विधवा आहे. मी लग्न केलं नाही, कारण गावातल्या लग्नांच्या नोंदी एकतीस वर्षं मीच केल्या. जन्ममृत्यूच्याही मीच. गावातला जवळजवळ प्रत्येक जण माझ्या अक्षरात जन्मला आणि बरेच जण माझ्याच अक्षरात मेले. दोन साक्षीदार समोर उभे असल्याशिवाय मी कुणाला मरू दिलं नाही.

निवृत्तीनंतर माझ्याकडे भाच्याची कुत्री येऊ लागली. रोसेंदो हा एर्मेलिंदाचा मुलगा, काल्देनच्या काटेरी झाडांच्या रानात कुत्र्यांच्या जोरावर रानडुकरं मारतो. त्याच्या अंगणात वाळू आहे, आणि वाळूत लंगडणं ऐकू येत नाही. म्हणून सुळा लागलेली, तळपायाची गादी फाटलेली, खांदा दुखावलेली कुत्री आमच्या विटांवर यायची. सकाळ-संध्याकाळ कोमट मीठपाण्याचा शेक, पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं दोरीला धरून चालणं, मग दहा, आणि उरलेला दिवस बांधून ठेवणं. बरं करणं अवघड नसतं, थांबवून ठेवणं अवघड असतं. दुखणं कमी झालं की कुत्रं लंगडायचं थांबतं, मालकाला वाटतं झालं, आणि तो कच्च्या पायानं त्याला डुकरावर सोडतो. मग ते माझ्याकडे परत येत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला वास्का आली. रोसेंदोच्या पाचांतली म्होरकी. डुकरानं तिला उचलून काल्देनच्या बुंध्यावर आपटलं होतं. तालुक्याचा पशुवैद्य म्हणाला, हाड शाबूत आहे, पुढच्या उजव्या मनगटाची शीर ताणली आहे, दीड महिना विश्रांती.

"दीड महिना नाही जमायचा, मामा," रोसेंदो म्हणाला. "मेच्या दुसऱ्या रविवारी ज्वारीत डुकरांमागे उतरायचंय. ही पुढे नसेल तर बाकीची चार नुसती भुंकतात, नगरसेवकांसारखी."

"आणि तोवर नाही झाली बरी तर?"

त्यानं वास्काची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली. त्याच्या घरामागे एक काल्देन आहे, त्याच्याखाली वास्काची आई पुरलेली आहे. तिचाही पायच गेला होता. रोसेंदो तिच्यासाठी दोन दिवस रडला होता, पण गोळी त्यानंच घातली होती. बांधून ठेवलेलं शिकारी कुत्रं आतून सडतं, असं तो म्हणतो. या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

माझं कुत्र्यांवर प्रेम वगैरे नाही. आमच्याकडे एप्रिलपासून थंडी उतरते, म्हणून वास्का माझ्या खोलीत, पलंगाच्या पायाशी झोपू लागली, एवढंच.

२

महिना होत आला तरी ओसरीवर तेच ऐकू येत होतं. टक्, टक्, टक्, आणि चौथा नुसता स्पर्श. उजव्या पायाची नखं डाव्यापेक्षा लांब झाली होती, कारण त्या पायावर वजनच पडत नव्हतं. खांद्यावरचं मांस हाताला कमी लागत होतं.

"तू कुत्रीला बरं करतोयस की तिचं लोणचं घालतोयस?" मीठपाण्याचं भांडं बघून एर्मेलिंदा म्हणाली.

"पशुवैद्यानंच सांगितलंय."

"त्याला काय, तो पेट्रोल जाळून आला आणि गेला. पाऊल उलटव तिचं."

यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे घोडा लंगडला, गाईच्या जखमेत किडे पडले की लोक हेच करतात. जनावराला ओल्या मातीवरून चालवायचं, दुखऱ्या पायाचा ठसा सुरीनं वडीसारखा कापायचा आणि उलटा करून त्याच जागी ठेवायचा. माती वाळेल तसा पाय बरा होतो. आमचे बाबा करायचे. एर्मेलिंदाही करायची, पण आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि गुडघ्यांत वारा.

"मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होतो, ताई."

"मग? पाऊल उलटवायला राजीनामा द्यावा लागत नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "एकच सांगते. पाय उचलताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. उचलला, की तिथेच सुरी. आधी पडलेल्या ठशाला हात लावायचा नाही. ऐकतोयस ना?"

मी ऐकलं. पण हौद रस्त्यावरून दिसतो, आणि रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान चालवणाऱ्या दुकानदारीणबाई दिवसभर कुंपणाशी उभ्या असतात. हातात सुरी, समोर कुत्रं आणि गुडघ्यावर निवृत्त नोंदणी कारकून, हे दृश्य त्यांना मी फुकट देणार नव्हतो. म्हणून मी दुपारच्या झोपेची वेळ धरली. त्या दोन-तीन तासांत इकडे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दारं बंद, झडपा बंद, वारा पडलेला, पवनचक्की उभी. वास्काला बरोबर घेतलं नाही. ती झोपली होती, आणि सकाळी तिला मीच हौदावर पाणी पाजलं होतं.

हौदाचं पाणी ओसंडून चिखल होतो, त्यात पावलं होती. पुढचा उजवा पाय फरफटलेला, नखांच्या रेघा स्पष्ट. ठसा जरा मोठा वाटला. चिखलात ठसे पसरतात, हे मी स्वतःलाच समजावून सांगितलं, आणि मला ते लगेच पटलं. मी कापला, उलटला, सुरी विजारीला पुसली.

"पाय उचललेला बघितलास?" एर्मेलिंदानं विचारलं.

"बघितला," मी म्हणालो.

एकही साक्षीदार नसताना केलेली माझी ती पहिली नोंद.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलंगावर आडवा होतो. दार आणि झडपा बंद, खोलीत करडा उजेड. ओसरीवर पावलं वाजली. टक्, टक्, टक्, आणि चौथा नुसता स्पर्श.

वास्का सुटली वाटतं, असं म्हणून मी उठलो आणि माझा पाय तिच्या पाठीवर पडला. ती पलंगाच्या पायाशीच होती, बांधलेली. झोपलेली नव्हती. दाराकडे बघत होती.

पावलं स्वयंपाकघराकडून आली होती. माझ्या दारापर्यंत आली आणि थांबली. मी परत जाण्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिलो. तो आला नाही. शेवटी दार उघडलं तेव्हा ओसरी रिकामी होती आणि विटा उन्हानं तापलेल्या होत्या.

मी समजूतदार माणूस आहे. गावात मोकाट कुत्री आहेत, त्यांतलं एखादं लंगडं असणारच. ते आलं, सावलीला थांबलं, कठड्यावरून उडी मारून गेलं. लंगडं कुत्रं कठड्यावरून कसं उडी मारेल, हा प्रश्न मी त्या दिवशी घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. तीच वेळ, तीच दिशा, माझ्या दाराशी येऊन थांबणं. आणि चौथ्या दिवशी मला जे कळलं ते कळायला नको होतं. चौथा पाय आता नुसता टेकत नव्हता, थोडं वजन घेत होता. असल्या आवाजासाठी मी दहा वर्षं कान देऊन बसलो आहे. तो माझ्या इतक्या ओळखीचा आहे की क्षणभर मला बरं वाटलं. सुंदर सुधारणा होती. घाई नाही, धसमुसळेपणा नाही.

वास्काचा पाय होता तिथेच होता. डुकराच्या तोंडात तोंड घालणारी ही कुत्री त्या पावलांवर एकदाही भुंकली नाही. पावलं थांबली की ती मान खाली घालायची आणि मी तिच्याकडे बघत नाही ना, हे बघायची.

४

बुधवारी सकाळी रोसेंदो येर्बाचा कडू काढा प्यायला आला. तो हौदाकडून चालत आला आणि हसत होता.

"मामा, तुम्ही जादूगार आहात! आत्ताच चिखलात माग बघितले. चारही पाय सारखे, नख ओढल्याची रेघ नाही. रविवारी नेतो तिला."

एर्मेलिंदा चरबीत पुऱ्या तळत होती. "उलटवलं ना पाऊल त्यानं," ती म्हणाली. "सरकारी माणूस असून."

"मी तिला शनिवारपासून हौदावर नेलेलं नाही," मी म्हणालो. "बादलीतून पाजतोय."

रोसेंदोचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. तो उठला, हौदापर्यंत गेला, उकिडवा बसला. हातानं एका ठशापासून दुसऱ्यापर्यंत माप घेतलं, मग पुन्हा घेतलं. परत आला आणि येर्बाच्या तुंब्यातली पिण्याची नळी ढवळत बसला.

"ढांग लांब आहे," तो म्हणाला. "वास्काची एवढी नाही. कुणाचीच एवढी नाही."

"मोठं कुत्रं असेल एखादं."

"असेल." त्यानं तुंबा भरलेला तसाच खाली ठेवला. "पण मामा, सगळे माग घराकडे येतात. जाणारा एकही नाही. मला तरी नाही सापडला."

"तुला सापडला नाही म्हणजे नाही असं होत नाही," मी म्हणालो. कचेरीत हे वाक्य फार उपयोगी पडायचं.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "चालली नाही तर... ते तुम्हाला माहीत आहे."

तो गेल्यावर एर्मेलिंदानं कढई उतरवली. मोतीबिंदू झालेले डोळे तिनं नेमके माझ्यावर लावले.

"पाय उचलताना तू बघितला नाहीस."

मी रोसेंदोनं ठेवलेला तुंबा उचलला.

"दुकानदारीण बघेल म्हणून?"

"हो."

"वेंधळ्या," ती अगदी हळू म्हणाली. लहानपणी अशीच म्हणायची. "कुणाचा पाय बरा केलास तू, निकानोर?"

ती म्हणाली, माती ओली असेल तर अजून सुलट करता येईल. मी धावत गेलो. दुकानदारीणबाई कुंपणाशी होत्या, त्यांनी हात केला, मी गुडघ्यांवर बसलो. वडी उचलली. चार दिवसांच्या उन्हात ती भाजून निघाली होती. माझ्या बोटांत तिचा चुरा झाला, आणि तो चुरा हातातून गळून गेला. खालचा खड्डा मात्र ओलाच होता.

५

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रोसेंदोनं बंदूक ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवली. पॉइंट बावीसची, छोटी. डुकरासाठी ती नसते.

"मी स्वयंपाकघरात बसतो," तो म्हणाला. "डोळे मिटतो. तुम्ही तिला तुमच्या खोलीपासून इकडे चालवत आणा. बघितलं तर मला दया येईल. तुम्हीच शिकवलंय."

मी खोलीत गेलो आणि सवयीनं दार लावून घेतलं. वास्काची दोरी सोडली. ती उठेना. मी तिच्याजवळ बसून तिचा पाय हातात घेतला, बोटांनी मनगट चोळलं. तिला दहा-बारा पावलं तरी नीट टाकायला लावता आली तर आणखी एक महिना मागून घेता येईल, असा माझा हिशोब होता. आणखी एक महिना पुरला असता. मला अजूनही वाटतं, पुरला असता.

तेवढ्यात ओसरीवर पावलं सुरू झाली.

टक्, टक्, टक्, टक्. चार. चारही सारखी, चारही पुरती. एवढी निर्दोष चाल मी त्या विटांवर कधी ऐकली नव्हती. स्वयंपाकघरावरून ती पुढे गेली, आणि आतून रोसेंदोचा आवाज आला, आनंदानं फाटलेला: "वा, मामा! वा! झाली की हो बरी!"

पावलं माझ्या दाराशी येऊन थांबली. मी एक हात वास्काच्या पट्ट्यावर ठेवला आणि दुसऱ्यानं तिचं तोंड धरलं. ओरडायला हवं होतं. पण मी काय ओरडणार होतो? ती वास्का नाही, असं ओरडलो तर खांबाला टेकवलेली बंदूक होती. गप्प बसलो तर वास्का वाचेल, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. येऊन गेला म्हणतो, पण तो आला आणि बसलाच.

स्वयंपाकघराचं दार उघडल्याचं ऐकू आलं. रोसेंदोनं शीळ घातली. वास्काला बोलावण्याची त्याची ठरलेली शीळ, शेवटी वर चढणारी.

आणि पावलं परत फिरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी ती दूर जाताना ऐकली.

दाराला बोटभर फट आहे. मी तिला डोळा लावला. फट काळी होती. कुत्रं फटीसमोरून जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून बराच जास्त वेळ ती काळीच राहिली. मग एकदम ऊन आलं, आणि ओसरीच्या पार टोकाला, उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभा असलेला रोसेंदो दिसला. फटीतून तेवढाच दिसत होता. त्यानं उजवा हात पुढे केलेला होता, मांडीपाशी, तळवा वर, कुत्र्याच्या डोक्याच्या उंचीवर.

तो हसत होता. हात तसाच होता. पावलं थांबली.

मग त्याचा हात वर जाऊ लागला. त्यानं तो उचलला असं वाटलं नाही. हात उचलला जात होता. कमरेपर्यंत गेला. छातीपर्यंत गेला. तिथे थांबला.

"मामा," रोसेंदो म्हणाला. डुक्कर झुडपात हातभर अंतरावर असताना तो याच आवाजात बोलतो. "वास्का तुमच्याकडेच आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

वास्का उठली. मी पट्टा धरून ठेवला होता. पट्टा माझ्या हातात राहिला आणि ती दार ढकलून गेली. मी तिचे पाय ऐकले. टक्, टक्, टक्, आणि चौथा हलका, तसाच. ती जराही बरी झाली नव्हती. लंगडतच गेली, आणि किती वेगानं गेली. मग तिचं भुंकणं, आठवड्याभरातलं पहिलं. ते अंगणातून हौदाकडे गेलं, हौदापलीकडे गेलं, रानाच्या कडेला एकदा खूप उंच चढलं.

नंतर वारा सुटला असावा. पवनचक्की करकरू लागली.

रोसेंदो विटांवर बसला होता. उजवा हात त्यानं डाव्या हातात धरला होता, दुसऱ्या कुणाचा धरावा तसा.

"काय होतं?"

"ऊन डोळ्यांवर होतं, मामा." मग तळव्याकडे बघत तो म्हणाला, "नाक थंड होतं त्याचं. ओलं आणि थंड. एकदम निरोगी."

६

त्यानं संध्याकाळपर्यंत आणि पुढचे तीन दिवस शोधलं. बाकीच्या चार कुत्र्यांना हौदावर आणलं. ती चारही चिखलाच्या कडेला बसली आणि पुढे जाईनात. चिखलात वास्काचे माग जाताना दिसत होते, पुढचा उजवा ओढलेला. ज्वारीतलं काम दुसऱ्या कुणी घेतलं. रोसेंदो आता आमच्याकडे सकाळी येतो आणि जेवणाच्या आत निघतो. बंदूक त्यानं परत नेली नाही. ती खांबालाच आहे, गंज धरते आहे. मला दोष त्यानं दिलेला नाही. ते काम एर्मेलिंदा करते, आणि चांगलं करते.

जूनचा पहिला आठवडा आहे. गेल्या मंगळवारपासून दुपारी पुन्हा पावलं येतात.

टक्, टक्, टक्, आणि चौथा नुसता स्पर्श.

"वास्का आली," पहिल्या दिवशी एर्मेलिंदा भिंतीला धरत माझ्या खोलीत येऊन म्हणाली. "लंगडतेय, म्हणजे तीच. उघड दार."

"पाय उचलताना पाहिलास का, ताई?"

ती पलंगावर बसली. तेव्हापासून दुपारी ती माझ्याच खोलीत बसते.

वास्का असेल तर तिला मीठपाणी हवं, ऊब हवी, आणि मी तिला थंडीत दाराबाहेर ठेवलं आहे. पण वास्काचे दात मी पाहिलेले आहेत. ती रानाच्या कडेला ज्याला भिडली त्याचा पाय तिनं धड ठेवला असेल असं मला वाटत नाही. दोघांचंही लंगडणं मी ऐकलेलं आहे. दोन्ही माझ्या कानांना अगदी सारखी आहेत. मी रोज दाराबाहेर पाण्याचं भांडं ठेवतो. संध्याकाळी ते रिकामं असतं. पाणी दोघांनाही लागतंच.

दाराची फट मी चिंध्यांनी बुजवली आहे, पण झडपेची एक पट्टी बाजूला करायला दोन बोटं पुरतील. आज मी ती पट्टीपर्यंत नेली होती.

मग पावलं आली, आणि मी बोटं मागे घेऊन कान दिला. चौथा पाय कालच्यापेक्षा थोडा जड पडत होता. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. आणखी दोन आठवडे, फार तर तीन. पावलं दाराशी थांबली, आणि दाराच्या खालच्या फळीला टेकून कुणीतरी हलकेच बसलं. एर्मेलिंदानं माझ्याकडे बघितलं. माझा हात कडीवर होता.

अजून तो पाय थोडा हलकाच पडतो. तोवर तरी ती वास्का असू शकते.